मोळी आणि तंबू

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी नववीच्या मुलींना संमतिपत्रे वाटली. शाळेचे एका रात्रीचे निसर्ग शिबिर होते. बरोबर तीन शिक्षिका, जायला-यायला बस, मुलींची राहण्याची सोय वेगळी, सारे काही पत्रात लिहिले होते. चार दिवसांनी पत्रे परत आली. वर्गात मुली २३. त्यातल्या ११ पत्रांवर ‘नाही’. कुणाची तब्येत ठीक नसते, कुणाला गावी जायचे आहे, कुणाच्या घरी लग्न आहे. एका मुलीच्या अब्बूंनी मात्र सरळ लिहिले होते, ‘आम्ही मुलीला रात्री घराबाहेर ठेवत नाही.’ बाकीच्या दहा पत्रांचा अर्थही तोच होता. एवढेच की ते लिहायला त्यांना संकोच वाटला.

शिक्षिका म्हणून मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण दोन वर्षांपूर्वी असेच एक पत्र माझ्या पर्समध्ये आठवडाभर पडून होते. माझी थोरली तेव्हा नववीत होती, दुसऱ्या शाळेत. तिने रोज विचारले, “अम्मी, सही केलीस का?” शेवटी मी म्हणाले, “चाचणी परीक्षा जवळ आली आहे, अभ्यास कर.” चाचणी पंधरा दिवस लांब होती, हे तिला माहीत होते आणि मलाही. खरे कारण वेगळे होते. दीर काय म्हणतील, मोहल्ल्यात कोण काय बोलेल, उद्या तिच्या लग्नाची बोलणी चालू असताना कुणी हे उकरून काढेल का, असले सारे विचार त्या एका सहीच्या आड आले. थोरली काही बोलली नाही. पुन्हा कधी तिने कसले पत्रही आणले नाही. हे मला फार उशिरा लक्षात आले.

म्हणून त्या ११ पत्रांचा गठ्ठा घेऊन घरी गेले, तेव्हा ठरवले की आधी आपल्या घरचे पाहू.

आम्ही ट्रॉम्ब्याला राहतो. एका बाजूला अणुसंशोधन केंद्राचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सारे अम्मा म्हणतो, लग्न होऊन इथल्या जनता कॉलनीत आल्या होत्या. मे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, ती कॉलनी हलवली गेली. सुमारे ७० हजार माणसे खाडीकाठच्या दलदलीत आणून वसवली गेली. तोच आजचा चीता कॅम्प. अम्मांच्या कडेवर तेव्हा मुलांचे अब्बू होते, वर्षाचे. भरती आली की जमीन मऊ व्हायची, डास डोळे उघडू द्यायचे नाहीत, पहिला पावसाळा खाटेवर बसून काढला, हे अम्मा आजही सांगतात. खाडी म्हटले की त्यांना चिखल आठवतो. आमच्या पिढीला वास आठवतो. आमच्या मुलांना तर काहीच आठवत नाही, कारण त्यांना तिकडे कुणी नेलेलेच नाही.

आणि खाडीत काय आहे? वाशीच्या पुलापासून ऐरोलीच्या पुलापर्यंतचा पश्चिम काठ, सुमारे १७ चौरस किलोमीटर, ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये ही खाडी रामसर यादीत गेली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत तिची गणना झाली. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातली ही तिसरी जागा. त्या अभयारण्याची हद्द आमच्यापासून जरा वर आहे, पण पक्ष्यांना हद्द कुठे कळते? हिवाळा लागला की ट्रॉम्बे जेट्टीसमोरच्या चिखलातही ते उतरतात. मराठीत त्यांना रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. चोच उलटी धरून ते चिखलपाण्यातले बारीक शेवाळ गाळून खातात, आणि त्यांचा गुलाबी रंग त्याच खाण्यातून येतो.

एका रविवारी फजरनंतर आम्ही पाचही जण जेट्टीवर गेलो. ओहोटी इतकी लांब गेली होती की पक्षी म्हणजे नुसती गुलाबी रेघ. जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळीदादांनी आमची निराशा पाहिली आणि म्हणाले, “वेळ बघून यायचं. भरती चढायला लागली की चिखल कमी होतो, पाखरं आपोआप काठाकडे सरकतात.” मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला. अष्टमीला सहाला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे.

घरी येऊन थोरलीने तो हिशेब आपल्या कॅलेंडरला लावला. आपल्याकडे चांदची तारीख असतेच. चंद्र दिसल्यावर महिना सुरू होतो म्हणून ती तिथीच्या साधारण एक दिवस मागे असते. तेव्हा चांदच्या तारखेत एक मिळवायचा आणि पाऊणपट करायची. सातवा चांद असेल तर आठची पाऊणपट सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण काम भागते. रमजान, ईद, मोहरम यांच्यासाठी आपण चंद्राकडे पाहतो; त्याच चंद्रावर आपल्या घरामागची खाडी चालते, हे मला या वयात कळले.

पुढच्या रविवारी आम्ही वेळेवर गेलो. शेकडो पक्षी, इतके जवळ की चोचीचे काळे टोक दिसत होते. धाकटा सहावीत आहे, तो मोठ्याने ओरडला आणि थोरलीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. अम्मा कठड्याला धरून उभ्या होत्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, “हे तेव्हाही येत असतील नाही?” पुढे काही बोलल्या नाहीत.

त्या रात्री जेवताना मी विषय काढला. एक रात्र जंगलात राहून येऊ या, सगळे मिळून.

मुलांच्या अब्बूंनी रीतसर चौकशी केली. राष्ट्रीय उद्याने महाराष्ट्रात सहा आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि आपल्या मुंबईतले संजय गांधी. कोकणच्या समुद्रकाठी जी आहेत ती अभयारण्ये. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे, आणि त्याआधी एक वर्ष, १९८६ मध्ये जाहीर झालेले रायगड जिल्ह्यातले फणसाड. राष्ट्रीय उद्यानात नियम अधिक कडक, अभयारण्यात आसपासच्या गावांचे काही हक्क राहू शकतात, एवढा फरक. फणसाड मुरुड आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरात आहे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. सुपेगावला तंबूत राहण्याची सोय आहे, आधी नोंदणी करून जायचे.

रोह्याचे नाव ऐकताच अम्मांनी मान वर केली. त्यांचे माहेर रोहा तालुक्यातले. पण त्या म्हणाल्या, “जंगलात पैसे देऊन झोपायचं? आणि मला जंगल तुम्ही काय दाखवणार?” दिरांनी फोनवर आपले मत दिले. “भाभी, तरुण मुलीला घेऊन रानात रात्र काढायची? आपल्यात असलं कुणी करत नाही.” मी गप्प राहिले. अम्मांनी फोन हातात घेतला आणि एवढेच म्हणाल्या, “मी जातेय बरोबर.” मग दीरही गप्प झाले.

जानेवारीच्या एका शनिवारी सकाळी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट पकडली. शेजाऱ्यांची ईको गाडी भाड्याने घेतली होती, ती बोटीच्या पोटात आणि आम्ही वर. तासाभराचा प्रवास. मागे डाव्या हाताला माहूलच्या चिमण्या आणि ट्रॉम्ब्याचा डोंगर, मग घारापुरी. आपण राहतो तो डोंगर मुलांनी समुद्रावरून पहिल्यांदाच पाहिला.

मांडव्याहून अलिबागकडे जाताना किहीमचा फाटा लागतो. तिथे मी मुलांना डॉ. सालिम अलींची गोष्ट सांगितली. ती आपल्या घराघरांत सांगायला हवी. १८९६ मध्ये मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्म. लहानपणीच आईवडील गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी खेतवाडीत वाढवले. सुट्टीत हे कुटुंब चेंबूरला राहायला येत असे. तेव्हाचे चेंबूर म्हणजे झाडाझुडपांचे खेडे, आमच्या ट्रॉम्ब्याला लागून. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही वेगळी चिमणी खायला जायज आहे का, असा त्या मुलाला प्रश्न पडला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले, आणि त्या एका प्रश्नातून देशाचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ घडला. किहीमलाच १९३० मध्ये त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. थोरलीला मी आणखी एक सांगितले. त्यांच्या पत्नी तहमीना बेगम पक्ष्यांच्या पाहणीला त्यांच्याबरोबर जात, रानावनातल्या तळांवर राहत. १९३९ मध्ये त्या वारल्या. म्हणजे दिरांनी ‘आपल्यात असलं कुणी करत नाही’ म्हटले, त्याच्या जवळजवळ ९० वर्षे आधी आपल्यातल्याच एक बाई हे करीत होत्या.

रेवदंडा मागे टाकून कुंडलिकेवरचा साळावचा पूल ओलांडला की डोंगर जवळ येतात. सुपेगावला पोहोचलो तेव्हा जोहरची वेळ झाली होती. एकेकाळी हे रान जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे शिकारीचे रान होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, आणि पुढे रान सर्वांचे झाले. पाणवठ्याला इथे ‘गाण’ म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण. कडक उन्हाळ्यातही काही गाणींत पाणी टिकते आणि जनावरे तिथे येतात. फणसाड हे नावच एका गाणीचे.

नाक्यावर वनरक्षकांनी सामान पाहिले. आणि इथे आमची फजिती झाली. धाकट्याच्या पिशवीतून गाण्यांचा स्पीकर निघाला, आणि माझ्या पिशवीतून ३० थर्माकोलच्या थाळ्या. मी रोज वर्गात पर्यावरण शिकवते! भांडी घासायला नकोत म्हणून घेतल्या होत्या. ते काही रागावले नाहीत, “परत जाताना घेऊन जा,” म्हणून दोन्ही वस्तू ठेवून घेतल्या. मला आपल्या मोहल्ल्याच्या सहली आठवल्या. मोठी देग, मोठा स्पीकर, आणि निघताना मागे राहिलेला ढीग. स्वच्छता हा आपल्या ईमानाचा भाग आहे, हे आपण मुलांना पाठ करून घेतो. ती घरच्या उंबऱ्यावर संपते का, हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला.

संध्याकाळी गावातल्या एका घरी जेवण होते. रायगडात या दिवसांत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी घालून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. जंगलात विस्तव पेटवायला मनाई, म्हणून हे सारे गावातल्या अंगणात. ताई तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. हलालचा प्रश्न आम्ही आधीच फोनवर मोकळेपणाने सांगितला होता, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “मग अंडी नि शेंगाच लावू की.” इतकी साधी गोष्ट. अशा प्रश्नांच्या भीतीनेच आपण कितीदा घरी बसतो!

मगरीबला किब्ल्याचा प्रश्न आला. मोबाइलला रेंज नव्हती. धाकटा म्हणाला, “सूर्य मावळला ती पश्चिम, तिकडेच तोंड करू.” थोरलीने त्याला थांबवले. कोकणातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. पण जानेवारीत सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, दक्षिणेकडे सरकलेला असतो. तेव्हा मावळतीपासून उजवीकडे वळायला हवे. हात लांब करून साधारण तीन मुठी, तिने मोजून दाखवले. भूगोलाच्या पुस्तकातले उत्तरायण-दक्षिणायन तिने नमाजेसाठी वापरले, आणि तिच्या अब्बूंनी इमामतीला उभे राहताना तिने दाखवलेलीच दिशा धरली.

वजूसाठी प्रत्येकाला एकेक बाटली पाणी. घरी नळ सोडून आपण किती पाणी सांडतो! पैगंबर (स.) लिटरभराहूनही कमी पाण्यात वजू करीत, असे हदीसमध्ये येते. मी ते कितीदा वाचले होते. त्या संध्याकाळी बाटली हातात घेऊन पहिल्यांदा करून पाहिले. पुरते.

इशानंतर कंदील विझवला. तंबूच्या दारातून इतके तारे दिसत होते की धाकटा मोजता मोजता झोपला. मध्येच जवळून कुत्रा भुंकावा तसा मोठा आवाज आला, पुन्हा पुन्हा. थोरलीने माझा हात घट्ट धरला. अम्मा अंथरुणातूनच म्हणाल्या, “भेकर आहे. झोपा.”

“दादी, तुला कसं कळलं?”

आणि मग अम्मा बोलायला लागल्या. १६ वर्षांत माझ्या मुलीने ऐकले नव्हते, २० वर्षांत मी ऐकले नव्हते, ते सारे त्या अंधारात बाहेर आले. आठव्या वर्षापासून त्या मोळीला जात. चार-पाच मुली, बरोबर एक मोठी बाई. अंधार असतानाच निघायचे, उन्हाच्या आत डोक्यावर मोळी घेऊन परत यायचे. कधी पहाटेच्या वाटेवर असा आवाज यायचा. पहिल्यांदा घाबरून मोळी टाकून पळाल्या तर आईने मारले, भेकराला भिऊन नव्हे, तर मोळी टाकली म्हणून. रानात शिपाई भेटला तर कोयता काढून घ्यायचा. पावसाळ्याआधी आठवडा-आठवडा लाकूड साठवायचे. बाजारात मोळी विकून आलेल्या पैशांतून भावाची शाळेची पाटी आली. त्यांची स्वतःची पाटी आली नाही.

“तेव्हा कुणी नाही म्हणालं नाही का?” थोरलीने विचारले. “मुलीची जात, रान, अंधार?”

अम्मा जराशा हसल्या. “कोण म्हणणार? चूल पेटायची ना त्यावर.”

वाचक भगिनींनो, मला त्या रात्री झोप लागली नाही. भेकराच्या आवाजाने नव्हे, त्या एका वाक्याने. आपल्या आज्या-पणज्या रानात गेल्या, विहिरीवर गेल्या, खाडीत शिंपल्या वेचायला गेल्या, भल्या पहाटे आणि दिवेलागणीनंतरही. त्यात घरची गरज होती, म्हणून त्यांच्या हयेचा प्रश्न कुणी काढला नाही. आता मुलीला तेच रान पाहायचे आहे, मोळीसाठी नव्हे, नुसते पाहण्यासाठी, शिकण्यासाठी, मोकळा श्वास घेण्यासाठी. आणि आता आपल्याला अब्रू आठवते. मुलगी राबायला बाहेर पडली तर चालते, आनंदासाठी पडली तर चालत नाही. हा दीनचा हुकूम मला कुठे सापडला नाही. ही आपण घातलेली अट आहे.

मी असे म्हणत नाही की मुलींना कुणाबरोबरही, कुठेही पाठवा. काळजी घ्यायलाच हवी. सोबत कोण आहे, झोपायची सोय कशी आहे, हे विचारण्याचा आईवडिलांना पूर्ण हक्क आहे. मी स्वतः विचारते. पण चौकशी करून ‘हो’ म्हणणे वेगळे, आणि चौकशी न करताच ‘नाही’ म्हणणे वेगळे. त्या वर्षी मी पत्रातला फोन नंबर एकदाही फिरवला नव्हता.

सकाळी गावातल्याच एका वाटाड्या मुलाबरोबर आम्ही चिखलगाणीच्या वाटेने निघालो. तो बोट करी आणि आम्ही पाहत राहू. उंच झाडावर काटक्यापानांचे मोठे घरटे दिसले, शेकरूचे. शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तांबूस रंगाची मोठी खार, जी जमिनीवर क्वचितच उतरते. एकच शेकरू अनेक घरटी बांधते, असे त्याने सांगितले. मग ते स्वतःच दिसले. शेपूट मागे सोडून ते या झाडावरून त्या झाडावर झेपावले, आणि थोरली, जी दोन वर्षे कुठल्याच गोष्टीला ‘वा’ म्हणाली नव्हती, ती ‘वा’ म्हणाली.

एका वळणावर मनगटाएवढ्या जाड वेलाचे वेटोळे होते. अम्मा थांबल्या. “ही गारंबी.” पायाशी वाळक्या, हातभर लांब शेंगेचा तुकडा पडला होता. त्यांनी वाकून त्यातली एक चपटी तपकिरी बी उचलली, पदराला पुसली आणि धाकट्याच्या हातावर ठेवली. “आम्ही याच्यानं खेळायचो. मोळी उतरवून जरा बसायचो ना, तेव्हा.” म्हणजे खेळही होता तर. मोळीच्या मधल्या पाच मिनिटांत. धाकट्याने बी खिशात घालायला घेतली, तेव्हा वाटाड्या मुलगा हळूच म्हणाला, “रानातलं काही न्यायचं नसतं.” मी अम्मांकडे पाहिले. त्यांना वाईट वाटेल असे वाटले. त्यांनी नातवाच्या हातातून बी घेतली आणि होती तिथे ठेवली. “बरोबर आहे. पूर्वी आम्ही फार नेलं.”

परतीच्या बोटीत अम्मा झोपल्या. थोरली माझ्या शेजारी बसली होती. मी तिला म्हणाले, “त्या वर्षी मी सही करायला हवी होती.” ती म्हणाली, “परीक्षा नव्हतीच अम्मी.” “माहीत आहे,” मी म्हणाले. एवढेच बोलणे झाले. पण झाले.

ज्या घरांना जायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहिते. सुरुवात लांबून करू नका. ट्रॉम्बे, शिवडी, ऐरोली, भांडुप, जिथे खाडी जवळ आहे तिथे एक सकाळ जा. ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे पक्षी-कांदळवनांची माहिती आणि बोटीची फेरी मिळते. रात्र काढायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. नोंदणी आधी करा आणि फोनवर तीन गोष्टी नक्की विचारा: स्वच्छतागृह किती लांब, बायकांसाठी वेगळे आहे का, जेवण कोण बनवते. बॅटरी, पायभर कपडे, बंद बूट, पाण्याच्या बाटल्या, मुलींना लागणाऱ्या वस्तू आणि कचरा परत आणायला एक पिशवी. स्पीकर आणि थर्माकोल घरी. फणसाडला बिबट्याही आहे, तेव्हा अंधारात तंबूपासून एकट्याने दूर जायचे नाही. आणि घरातल्या थोरल्या माणसाला जमेल तर बरोबर न्या.

शाळेचे काय झाले तेही सांगते. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी त्या ११ मुलींच्या आयांना जेट्टीवर बोलावले. शिबिराबद्दल बोलणार नाही, नुसते पक्षी बघू, असा निरोप दिला. सात जणी आल्या, तीन जणींच्या कडेवर मुले. चांदच्या तारखेचा हिशेब त्यांना सांगितला. पाखरे काठाला आली तेव्हा त्या आपापसांत तमिळ, दखनी, मराठीत एकदमच बोलायला लागल्या. निघताना एकीने स्वतःच विचारले, “मॅडम, ते पत्र अजून चालेल का?”

चार पत्रे बदलली. सात बदलली नाहीत. त्यातल्या दोघींना मुलीच्या मागे धाकटी भावंडे सांभाळायला दुसरे कुणी नाही, एकीकडे शिबिराचे पैसे नव्हते आणि तिने ते सांगितले नव्हते. हे मी डिसेंबरमध्ये विचारायला हवे होते. ज्या अब्बूंनी सरळ ‘नाही’ लिहिले, त्यांचे उत्तर तेच राहिले. त्यांना मी दोष देत नाही. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याच जागी उभी होते, फक्त इतकी प्रामाणिक नव्हते.

फेब्रुवारीत १६ मुली शिबिराला गेल्या आणि सुखरूप परत आल्या, अलहम्दुलिल्लाह. त्यांच्या वह्यांतली पाने मी वाचते आहे. एकीने लिहिले आहे की रात्री तिने दादीला फोन लावायचा प्रयत्न केला, पण रेंज नव्हती; घरी गेल्यावर आधी दादीला सांगितले की जंगलात काळोख कसा असतो. दादी म्हणाली, ‘मला माहीत आहे.’ वहीत त्यापुढे काही नाही. मी तिथे लाल शाईने लिहिले आहे, ‘दादीला आणखी विचार आणि पुढचे पान लिही.’